मारुती ८०० (१९९८, कार्ब्युरेटर): रात्री चार्जिंगचा दिवा मिणमिणतो, बॅटरी उतरते. अल्टरनेटर बदलू का?

इंदिरानगर_८००

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, एसी नाही. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास), गेल्या दिवाळीत नवी टाकलेली. रोजचा रूट इंदिरानगर ते नाशिकरोड. संध्याकाळी परतताना द्वारका चौकात रखडत यायचं, म्हणजे हेडलाइट लावून बराच वेळ आयडलवर.

लक्षणं अशी: सकाळी सेल्फ जड फिरतो, थंडीत तर अगदीच रडतो. चावी फिरवली की चार्जिंगचा लाल दिवा नीट लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. पण रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की तोच दिवा अगदी पुसट, निखाऱ्यासारखा लाल दिसतो. दिवसा उजेडात कळतही नाही. गाडीत १००/९० वॅटचे (हाय बीम/लो बीम) बल्ब आहेत, रिले लावून.

डिजिटल मल्टिमीटरने बॅटरीवर घेतलेली रीडिंग:
रात्रभर उभी राहून सकाळी, काहीही चालू नसताना १२.२५ व्होल्ट.
आयडलवर, लोड (दिवे, ब्लोअर) नाही: १३.६.
अंदाजे २००० आरपीएम, लोड नाही: १३.९.
आयडल, हेडलाइट आणि ब्लोअर चालू: १२.६.
२००० आरपीएम, तोच लोड: १३.१.

एका गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढलं, गाडी बंद पडली नाही, म्हणून 'डायनॅमो ओके, बॅटरी बाद' असं सांगितलं. दुसरीकडे 'अख्खा अल्टरनेटर बदला' म्हणाले (अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा भाग, गॅरेजवाले त्यालाच डायनॅमो म्हणतात). पैसे घालायला हरकत नाही, पण योग्य जागी जावेत. कुठून सुरुवात करू?

---

तांब्याची_तार

रीडिंग व्यवस्थित दिलीत, त्यामुळे अर्धं काम झालंय. आत्ता काहीच विकत घेऊ नका.

तुमच्या आकड्यांतून एवढं दिसतं. सकाळचे १२.२५ म्हणजे बॅटरी साधारण निम्मी भरलेली. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ ला पाऊण, १२.० ला जेमतेम पाव. लोड नसताना १३.९ येतात, म्हणजे अल्टरनेटर वीज बनवतोय आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) मेलेला नाही. पण लोड टाकला की २००० आरपीएमलासुद्धा १३.१ वर बसतो. इथे १३.५ च्या वर हवेत, १३.८ असतील तर उत्तम. १३.१ वर बॅटरीत जवळजवळ काहीच जात नाही. म्हणजे तुमचा संध्याकाळचा प्रवास बॅटरीच्या दृष्टीने फुकट जातोय. सेल्फ मारायला फार वीज लागते हा गैरसमज आहे. १२० अँपिअर ३ सेकंद खेचले तरी फक्त ०.१ एएच जातात. बॅटरी उतरतेय ती रोज रात्री न भरल्यामुळे.

आता प्रश्न असा की १३.१ अल्टरनेटरच्या आतच आहेत, की अल्टरनेटर पुरेसं देतोय आणि वाटेत गळतंय? हे कळल्याशिवाय अल्टरनेटरला हात लावू नका. ८०० ला टॅकोमीटर नाही, म्हणून एकाला ॲक्सिलरेटरवर बसवा, आवाज आयडलच्या दुपटीहून थोडा वर ठेवायला सांगा, हेडलाइट हाय बीम आणि ब्लोअर फुल. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून:

पहिलं, अल्टरनेटरच्या मागच्या बी प्लस (जाड चार्जिंग वायरीच्या) बोल्टवर लाल पिन, अल्टरनेटरच्याच बॉडीच्या उघड्या धातूवर काळी पिन. हा अल्टरनेटरचा स्वतःचा दाब, म्हणजे व्होल्टेज.

दुसरं, लाल पिन बी प्लस बोल्टवर, काळी पिन बॅटरीच्या प्लस पोलवर. पोल म्हणजे शिशाचा खुंट, वरचा क्लॅम्प नव्हे. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्येच गडबड असेल तर क्लॅम्पवर पिन लावून ती दिसणार नाही. इथे ०.२ व्होल्टच्या आत हवं, फ्युजिबल लिंक (बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज) धरून ०.३ चालून जाईल.

तिसरं, लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळी बॅटरीच्या मायनस खुंटावर. इथे ०.१ पर्यंत ठीक, ०.२ ला अर्थिंग (इंजिन, बॉडी आणि बॅटरी मायनस यांची जोडणी) साफ करायची वेळ आली असं समजा.

चौथं, मीटर एसी व्होल्टवर करून बॅटरीच्या दोन खुंटांवर. ०.१ च्या खाली असेल तर डायोड (अल्टरनेटरमधले एसीचं डीसी करणारे भाग) ठीक. ०.५ च्या वर गेलं तर डायोड प्लेटमध्ये एखादा डायोड गेलाय हे जवळपास नक्की. काही स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसी दाबही मोजतात आणि बॅटरीच्या दाबाच्या दुपटीच्या आसपास आकडा दाखवतात. तसं दिसलं तर मीटर बदला, अल्टरनेटर नाही.

अल्टरनेटरचा बेल्ट आधी बघा, हे सांगायचं राहिलं. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब टप्प्यावर अंगठ्याने चांगला दाबा, ६ ते ९ मिमी खाली जायला हवा. आतल्या दोन्ही कडा आरशासारख्या चकाकत असतील तर बेल्ट ताणूनही घसरणार. ८०० मध्ये हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे इथे कंजुषी नको.

बी प्लस बोल्टवर कायम बॅटरीचा करंट असतो, चावी काढलेली असली तरी. तिथे पाना लावायच्या आधी बॅटरीचं मायनस काढा. पाना बोल्ट आणि बॉडीला एकदम टेकला तर वेल्डिंगच होतं.

---

अंबड_ऑटोइलेक्ट्रिक

वरच्या सगळ्याशी सहमत. इंजिन चालू असताना टर्मिनल काढण्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ही सवय अजून नाशकातल्या बऱ्याच गॅरेजमध्ये आहे.

ही पद्धत खऱ्या डायनॅमोच्या काळातली, जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या जमान्यातली. डायनॅमोत डायोड नसायचे आणि गाडीत इलेक्ट्रॉनिक काही नसायचं. अल्टरनेटरचं तसं नाही. तो चार्ज करत असताना बॅटरी एकदम काढली की रोटरचं (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाचं) चुंबकत्व लगेच उतरत नाही. रेग्युलेटर फील्ड (रोटरचा करंट) तोडेपर्यंत तयार झालेली वीज कुठे जाणार? दाब क्षणात ५०-६० व्होल्टच्या पुढे उसळतो. डायोड, रेग्युलेटर, डिस्ट्रिब्युटरमधलं इग्निशन मॉड्यूल, टेप, यातलं जे कमजोर असेल ते जातं. कधी लगेच, कधी महिन्याभराने. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या संगणकाची, भर.

आणि एवढा धोका पत्करून कळतं काय? काही नाही. कार्ब्युरेटरच्या ८०० ला चालायला इग्निशनचे तीन-चार अँपिअर पुरतात, पेट्रोल पंपसुद्धा मेकॅनिकल आहे. अर्धा मेलेला अल्टरनेटरही एवढं देतो. गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ठीक, हा निष्कर्षच चूक. तुमचं तसं केलंच आहे, तर एसी व्होल्टचं रीडिंग आवर्जून घ्या.

क्लॅम्प मीटरने अँपिअर बघायचे असतील तर डीसी अँपिअर मोजणारा घ्या. बाजारात मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी अँपिअर मोजतात, घरच्या वायरिंगसाठी. गाडीच्या केबलवर लावले तर शून्य दाखवतात आणि माणूस अल्टरनेटर बाद ठरवतो.

---

गोदाकाठ

त्या मिणमिणत्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नका, तो बरंच सांगतोय.

चार्जिंगच्या दिव्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून आलेली बॅटरी असते, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचं एल टर्मिनल. चावी लावली, इंजिन बंद: एल टोक रेग्युलेटर आणि रोटरमधून अर्थ झालेलं असतं, म्हणून दिवा लागतो. जाता जाता तोच करंट रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. इंजिन सुरू झालं की एल टोकालाही १४ व्होल्ट येतात, दोन्हीकडे दाब सारखा, दिवा विझतो. म्हणजे दिवा 'चार्जिंग नाही' एवढंच सांगत नाही, दोन टोकांत फरक आहे असं सांगतो. फरक कुठल्याही दिशेने असू शकतो.

आता याचे अर्थ. चावी लावल्यावर दिवा लागतच नाही: बल्ब गेला, फ्यूज गेला, वायर तुटली, नाहीतर कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) झिजून रोटरला टेकत नाहीत. ओळखायचं असं: अल्टरनेटरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, चावी ऑन करा, एल ची वायर तात्पुरती अर्थला टेकवा. दिवा लागला तर बल्ब-वायर ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत. नाही लागला तर अल्टरनेटर उघडायचं कारणच नाही. एल ची वायर रंगावरून ओळखू नका. २५ वर्षांच्या गाडीत कोणी कुठली वायर जोडलीय याचा भरवसा नसतो, मीटर लावून खात्री करा. कपलरमधल्या ज्या पिनवर चावी ऑन केल्यावर पूर्ण बॅटरी दाब येतो आणि बल्बमधून येत नाही, ती आयजी. ती अर्थला टेकवली तर फ्यूज उडेल.

बल्ब गेलेला असला तर काही अल्टरनेटर आयडलवर चार्जच सुरू करत नाहीत. एकदा जोरात रेस केलं की उरलेल्या चुंबकत्वावर जागे होतात आणि मग दिवसभर ठीक चालतात. दोन वॅटच्या बल्बसाठी लोक अल्टरनेटर बदलतात ते इथे.

चावी काढल्यावरही दिवा पुसट जळत राहतो: प्लस बाजूचा डायोड शॉर्ट, करंट उलटा येतोय. लगेच बॅटरीचं मायनस काढा.

इंजिन चालू असताना पूर्ण तेजाने लागतो: चार्जिंग बंद, बेल्ट तुटलेला असू शकतो. ८०० मध्ये बेल्ट तुटला असेल तर गाडी तिथेच थांबवा, तापेल.

आणि तुमचं: लोड टाकल्यावरच पुसट लाल. याला दोनच ठळक कारणं. एक, एखादा डायोड गेल्यामुळे बी प्लस आणि एल चा दाब सारखा राहत नाही. दोन, अल्टरनेटर ठीक आहे, पण बी प्लसपासून बॅटरीपर्यंत दाब पडतोय. त्यामुळे दिव्याच्या स्विचकडच्या टोकाला कमी दाब आणि एल ला जास्त. कोणतं ते तांब्याची_तार यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या रीडिंगवरून कळेल. माझा कौल दुसऱ्या कारणाला.

---

इंदिरानगर_८००

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे घेतलेली रीडिंग, २००० च्या आसपास, हाय बीम आणि ब्लोअर फुल:

अल्टरनेटर बी प्लस ते त्याची बॉडी: १४.२.
बी प्लस ते बॅटरी प्लस खुंट: ०.८.
अल्टरनेटर बॉडी ते बॅटरी मायनस खुंट: ०.३.
बॅटरीवर एसी: ०.०६.
बेल्ट ८ मिमीच्या आसपास, कडा खडबडीत, चकाकी नाही.

बी प्लसची वायर बोल्टजवळ दोन बोटं लांबीपर्यंत कडक झालीय, वरचं रबर तपकिरी. गाडी बंद केल्यावर हात लावला तर थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) चटका देत होतं.

---

तांब्याची_तार

मग उत्तर मिळालं. अल्टरनेटर निर्दोष आहे, त्याला तिथेच राहू द्या. १४.२ तयार होतात, ०.८ प्लसच्या वाटेत जातात, ०.३ अर्थिंगमध्ये, बॅटरीला उरतात १३.१. तुमचं पहिल्या दिवसाचं रीडिंग तंतोतंत जुळतं.

लोड नसताना हेच १३.९ का दिसलं? तेव्हा करंट सात-आठ अँपिअर होता. लोड टाकल्यावर तुमच्या गाडीत असा हिशेब होतो: ९०-१०० वॅटचे दोन बल्ब १४-१५ अँपिअर, ब्लोअर ८, इग्निशन ३-४, टेललाइट आणि मीटरचे दिवे २-३. म्हणजे २८-३०. अवरोध तोच, करंट चौपट, म्हणून दाबाची घटही चौपट. चार्जिंगचं कुठलंही रीडिंग लोड न टाकता घेतलं तर ते अर्धवट, हे त्यामुळेच.

आता ०.८ व्होल्ट गुणिले २८ अँपिअर म्हणजे २२ वॅट. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडची सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते. तेवढी उष्णता तुमच्या त्या एका थिंबलवर आणि आसपासच्या वायरीत रोज रात्री तयार होतेय. वायर कडक आणि तपकिरी झाली ती त्यामुळे. हे असंच चालू ठेवलं तर एक दिवस रबर वितळून वायर बॉडीला टेकेल, म्हणून टाळाटाळ करू नका.

काम असं करा. बॅटरीचं मायनस आधी काढा. बी प्लसची नट बहुधा १० नंबरच्या पान्याची असते. रबरी टोपी सरकवा, थिंबल काढा. वायर दोन इंच कापून सालपट काढा आणि आत तांबं बघा. चकचकीत असेल तर नवं थिंबल बसवून चालेल. काळं पडलं असेल तर आणखी दोन इंच कापा. तिथेही काळं असेल तर जोड देत बसू नका, पूर्ण वायर बदला: १० चौ.मिमी.ची बारीक तारांची ऑटोमोबाइल केबल, दीड मीटर पुरेल. एवढ्या केबलमध्ये ३० अँपिअरला ०.१ व्होल्टसुद्धा पडत नाही. घरच्या वायरिंगची केबल वापरू नका, तिचं इन्सुलेशन इंजिनच्या उष्णतेला आणि ऑइलला टिकत नाही.

थिंबल भोकाच्या मापाचं घ्या, बोल्टवर खुळखुळायला नको. ते पक्कडीने चेपू नका. बॅटरी केबल बनवणाऱ्यांकडे हेक्स क्रिंपर असतो, तिथे दाबून घ्या. दाबून झाल्यावर वर हीट श्रिंक. कथील भरायचा मोह होतो, पण कथील वायरीत आत चढतं, ती जागा ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. चांगलं दाबलेलं थिंबल कथिलाशिवायच बरं.

मूळ मार्गात फ्युजिबल लिंक आहे, ती वगळून थेट बॅटरीला वायर नेऊ नका. बॅटरीजवळच्या लिंकच्या दोन टोकांवर याच लोडला मीटर लावून बघा. तिथेच ०.२ पेक्षा जास्त पडत असेल तर तिचे स्क्रू काढून पॉलिश पेपरने घासा, नाहीतर त्याच मापाची नवी लिंक घाला. कोणी म्हणालं की जुन्या वायरीला समांतर जाड वायर टाकू, तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे, अल्टरनेटरच्या प्लेटवर कोरलेल्या अँपिअरपेक्षा एक पायरी वरचा. फ्यूजशिवायची वायर अपघातात आग लावते.

अर्थिंगचं ०.३ ही सोडू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे इंजिन आणि बॉडीमध्ये अर्थचा रस्ता फक्त केबल किंवा जाळीच्या पट्टीचा. इंजिन किंवा गिअरबॉक्सवरचा बोल्ट आणि बॉडीवरचा बोल्ट, दोन्ही काढून खालचा रंग, गंज, ऑइलचा थर घासून चमकता धातू काढा. पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटत असतील तर १६ चौ.मिमी.ची नवी विणलेली पट्टी टाका, वीत-दीड वीत. बसवून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली, धातूंच्या मध्ये नाही. ही पट्टी फारच खराब झाली तर सेल्फचा करंट क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. केबल आतून भाजून अडकायला लागली तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा.

तपासणी अशी: मीटर इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनस खुंटावर लावून सेल्फ मारा. सेल्फ फिरताना ०.३ च्या आत हवं, ०.५ ला दोष नक्की. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांवरचा दाब ९.६ च्या खाली जायला नको.

---

पंचवटी_ओम्नी

इथेच विचारतो, विषय जवळचा आहे. माझ्या ओम्नीत चालताना लोडवरही १४.० येतात, वायर ड्रॉप ०.१५. पण दोन दिवस उभी राहिली की सेल्फ फिरत नाही. बॅटरीचं मायनस काढून ठेवलं तर चार दिवसांनीही एका सेल्फमध्ये चालू. सगळं बंद असताना मीटर मालिकेत (मायनस खुंट आणि काढलेली केबल यांच्या मध्ये) लावला तर ०.४५ अँपिअर दाखवतो. एकेक फ्यूज काढून बघितला, आकडा हलत नाही.

---

अंबड_ऑटोइलेक्ट्रिक

फ्यूज काढूनही आकडा हलत नाही, म्हणजे गळती फ्यूजबॉक्सच्या अलीकडे आहे. त्या बाजूला दोनच गोष्टी थेट बॅटरीवर असतात, सेल्फ आणि अल्टरनेटर. संशय अल्टरनेटरच्या डायोडवर. बाहेरून बसवलेलं काही थेट बॅटरीवर घेतलेलं आहे का तेही बघा, हॉर्नचा रिले, फॉगलॅम्प, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर.

खात्री अशी करा. मायनस काढा, अल्टरनेटरची बी प्लस वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळा, एल-आयजीचा कपलरही काढा. मग मीटर पुन्हा मालिकेत लावा: लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, दार बंद किंवा दाराचा स्विच दाबून धरलेला. ०.४५ वरून १०-२० मिलिअँपिअरवर आलं तर डायोड गळतोय, हे सिद्ध. जुन्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ०.४५ ने दोन दिवसांत २१ एएचच्या वर जातात, ३५ च्या बॅटरीत उरणार काय? मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

आणखी एक सोपी चाचणी. चावी काढलेली असताना बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या जागेजवळ न्या. ओढलं जाता कामा नये. ओढलं गेलं तर रोटरला करंट मिळतोय, म्हणजे प्लसचा डायोड शॉर्ट होऊन फील्ड चालू राहिलंय. याउलट चावी ऑन, इंजिन बंद असताना ते स्पष्ट ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर कार्बन, रोटर किंवा रेग्युलेटर बघा.

अल्टरनेटर उघडलाच तर एकदाच सगळं बघून घ्या. डायोड प्लेटवर मीटर डायोड मोडला: एका दिशेने ०.४५ ते ०.६५, उलट्या दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, कुठेच नाही आला तर ओपन. रोटरच्या दोन तांब्याच्या रिंगांमध्ये साधारण अडीच ते चार ओहम, रिंग आणि शाफ्टमध्ये काहीही नको. स्टेटरच्या (न फिरणाऱ्या गुंडाळीच्या) तिन्ही टोकांमध्ये सारखा, एक ओहमपेक्षा कमी अवरोध, बॉडीला काहीही नको. कार्बन होल्डरच्या बाहेर ५ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर बदला. रिंगांवर खाच पडली असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या. बेअरिंग हाताने फिरवताना खरखर लागली तर दोन्ही बदला. नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो, तोच घ्या.

रिकंडिशन अल्टरनेटर घेणार असाल तर बेंचवर चालवून दाखवायला सांगा, आणि नुसता दाब नको, १४ व्होल्टला किती अँपिअर येतात ते बघा. पुलीचा व्यास जुन्याएवढाच हवा. मोठी पुली बसवलेली असेल तर आयडलवर चार्जिंग कमी पडतं आणि दोष कोणालाच सापडत नाही.

---

इंदिरानगर_८००

बी प्लसची वायर आतून वीतभर काळी निघाली. पूर्ण बदलली, १० चौ.मिमी., लिंक तीच, स्क्रू घासले. गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी नवी टाकली. आता त्याच लोडवर: अल्टरनेटरवर १४.१, प्लसची घट ०.१४, अर्थिंग ०.०४, बॅटरीवर १३.९. रात्री दिवा पूर्ण विझलेला. आयडलवर हेडलाइट लावून मात्र अजून १३.० च दिसतात. हे ठीक आहे का? आणि सकाळी विश्रांतीनंतर १२.४ च्या वर बॅटरी जात नाहीये.

---

गोदाकाठ

आयडलवर अल्टरनेटर त्याच्या छापील अँपिअरच्या निम्मंच देतो, कधी त्याहून कमी. तुमचा ३० अँपिअरचा लोड त्याला आयडलवर झेपणार नाही, यात दोष काही नाही. १००/९० चे बल्ब काढून ६०/५५ टाका. लो बीमला ५-६ अँपिअर वाचतात. होल्डर आणि रिफ्लेक्टरही भाजत नाहीत. वायर आणि रिले चांगले असतील तर बल्बवर पूर्ण दाब पोचतो, आणि पूर्ण दाबावर ५५ वॅटचा बल्ब कमी दाबावरच्या ९० वॅटच्या फार मागे राहत नाही. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा बाजूला जाणार असाल तर हे आधीच करा. वायपर, हेडलाइट, ब्लोअर तिन्ही लावून घाटातल्या रांगेत तासभर आयडलवर उभं राहावं लागतं, तेव्हा हेच ५-६ अँपिअर बॅटरी वाचवतात.

---

तांब्याची_तार

१३.९ मस्त. बॅटरी इतके महिने निम्म्यावर राहिलीय, त्यामुळे प्लेटवर सल्फेट धरलं असणार. गाडीच्या थोड्या थोड्या फेऱ्यांनी ते सुटत नाही. बाहेर काढून चार्जरवर लावा, ३५ एएचला साडेतीन अँपिअर, १०-१२ तास. झाकणं उघडणारी असेल तर आधी पाणी बघा, प्लेट उघड्या असतील तर बुडण्यापुरतंच डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेपर्यंत चार्जिंगनंतर. ॲसिड कधीच घालायचं नाही. चार्जिंग मोकळ्या हवेत, ठिणगी दूर.

दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) लिहून घ्या. सगळे १२४० ते १२८० मध्ये आणि एकमेकांपासून ३० च्या आत असतील तर बॅटरी वाचली. एखादाच सेल ५० ने खाली असेल तर तो सेल जातोय, मग बॅटरी वॉरंटीत दाखवा आणि हे आकडे सोबत न्या. निफाडकडची थंडी नाशकात उतरली की कमजोर सेल पहिल्यांदा सेल्फला दगा देतो, म्हणून हे डिसेंबरच्या आधी उरका.

बी प्लसची नट आठवड्याभराने मायनस काढून पुन्हा एकदा आवळा. नवं थिंबल बसताना थोडं दबतं. बेल्ट बदलला तर तोही २००-३०० किलोमीटरनंतर परत ताणायला लागतो.